सॅमनचा रॉड आणि कावेरीचा भोवरा



आजचा प्रश्न कॅनडाहून आलाय. ब्रिटिश कोलंबियात सरे इथे राहणारे एक गृहस्थ, मूळचे सांगलीचे. लहानपणी कृष्णेवर काठी-दोरीने मासे धरलेले. ऑक्टोबरात तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन वेडर नदीवर सॅमनला जायचंय. दुकानात गेले तर भिंतभर रॉड. विक्रेत्याने विचारलं, फ्लाय करणार, फ्लोट करणार की स्पिनिंग? आणि कुठला सॅमन, चिनूक, कोहो की चम? हे तसेच घरी परत आले. फोनवर मला म्हणाले, "मला एवढंच सांगा, एकच रॉड आणि एकच रीळ घ्यायचं तर कुठलं?"

उत्तर दोन ओळींत देता येतं आणि ते मी देणार आहे. पण नुसतं उत्तर दिलं तर पुढच्या वर्षी दुसरी नदी आली की परत फोन करावा लागेल. म्हणून आधी नदीकाठी बसू.

हा भाग मी तिरुवलंचुळीहून करतोय. कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटर, स्वामीमलैला लागून. माझी बायको तंजावरकडची मराठी, तिचे मामा इथे राहतात, म्हणून आमचं येणं-जाणं असतं. कावेरी आणि तिचा अरसलार हा फाटा, दोन्ही इथून जवळ. मेट्टूर धरण रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात, मग कल्लणैवरून पाणी इकडच्या फाट्यांत सुटतं आणि उन्हाळाभर वाळू झालेली नदी पुन्हा नदी होते. सध्या पाणी आहे.

गावाच्या नावातच आजचा विषय आहे. तमिळमध्ये वलम् म्हणजे उजवीकडे, चुळी म्हणजे भोवरा. इथली कथा अशी की कावेरी इथे एका विवरात शिरून नाहीशी झाली. चोळ राजा हवालदिल झाला. शेवटी हेरंड मुनी स्वतः त्या विवरात उतरले आणि नदी पुन्हा वर आली. इथल्या शिवमंदिरातला पांढरा विनायक प्रसिद्ध आहे. तो समुद्रमंथनाच्या फेसाचा मानतात, म्हणून त्याला अभिषेक करत नाहीत. कथा कथेच्या जागी. पण नदी वळते, पाणी भोवरतं, आणि वेगवान धारेच्या कडेला संथ पाण्याचा पट्टा तयार होतो, हे इथे काठावर बसून डोळ्यांनी दिसतं. एखादं वाळलेलं पान टाका. ते धारेत गेलं तर सरळ निघून जातं. कडेच्या पट्ट्यात सापडलं तर हळूहळू मागे फिरतं.

वेडर असो की कावेरी, मोठा मासा त्या दोन पाण्यांच्या सांध्यावर थांबतो. धारेत उभं राहायला ताकद लागते, सांध्यावर ती वाचते. म्हणजे तुमचं आमिष त्या सांध्यावर, माशाच्या खोलीला, पाण्याच्या वेगाने गेलं पाहिजे. रॉडचं पहिलं काम हे आहे. मासा ओढणं हे दुसरं काम. बहुतेक लोक दुकानात फक्त दुसऱ्या कामाचा विचार करतात, कारण डोळ्यांसमोर मासा असतो, नदी नसते.

इथे काल एक मुलगा कालव्यावर बसला होता. हातात तीन मीटरचा बांबू, टोकाला तेवढीच दोरी, बारकं बूच, गांडूळ. रीळ नाही. तासाभरात त्याने पाच-सहा तिलापिया काढले (इकडे त्यांना जिलेबी म्हणतात, हे ऐकून आमची नात खूश). त्याच्या पाण्याला तो बांबू अगदी बरोबर होता. कालवा चार मीटर रुंद, मासा तळहाताएवढा, पळून जाणार कुठे? रीळ लागतं ते मासा पळू शकतो तिथे. हे एवढं पक्कं डोक्यात ठेवा, पुढचं सोपं आहे.

आता सॅमन. आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो, तो आधी मिटवतो. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात. रावस चविष्ट आहे, पण सॅमनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. तो आपल्या समुद्राचा आणि खाड्यांचा मासा. खरा सॅमन थंड पाण्याचा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीत परत येतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची: नदीत शिरल्यावर सॅमन खाणं जवळजवळ बंद करतो. मग गळाला का लागतो? सवयीने, चिडून, तोंडासमोर काही आलं म्हणून. भुकेला मासा दोन मीटर बाजूला येऊन आमिष घेईल, न खाणारा मासा येणार नाही. त्याच्या नाकासमोरूनच ते जावं लागतं. म्हणून सॅमनच्या नदीवर रॉड लांब असतात.

लांबीचा फायदा असा. तुम्ही आमिष पलीकडच्या सांध्यावर टाकलं. मधे वेगवान धार. दोरी त्या धारेवर पडली की पाणी तिला पोटासारखी फुगवतं आणि आमिषाला ओढून सांध्याबाहेर काढतं. रॉड लांब असेल तर तुम्ही टोक उंच धरून दोरी पाण्यावरून उचलू शकता. साडेदहा फुटी म्हणजे ३.२ मीटरचा रॉड हे काम करतो, सात फुटी करत नाही. आपल्या तलावांवर, पवईला किंवा धरणाच्या पाण्यावर, सात फुटीने काही अडत नाही कारण तिथे धारच नाही. तिथून हौस लागलेला माणूस परदेशात गेला की हाच सात फुटी घेऊन नदीवर जातो आणि दिवसभर रिकामा बसतो. मीही मुलाकडे ॲबट्सफर्डला गेलो तेव्हा पहिले तीन दिवस असाच बसलो होतो. शेजारचा चिनी म्हातारा सारखे मासे काढत होता. आमिष तेच, भोक तेच. फरक त्याच्या लांब रॉडचा.

याहून लांब रॉडही असतात, दोन हातांनी धरायचे. १३ ते १५ फूट. त्यांना स्पे रॉड म्हणतात, स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून. तिथे काठाला लागून झाडं आणि चढ, त्यामुळे फ्लायची जड दोरी मागे फेकायला जागा नाही. म्हणून लोकांनी दोरी समोरच्या पाण्यावरच ठेवून, बाजूला एक फास करून, पुढे लोळवत फेकायची पद्धत काढली. त्यासाठी लांब रॉड. म्हणजे तो रॉड त्या काठाने घडवला. दुकानात दिसायला तो सगळ्यात रुबाबदार दिसतो, आणि पहिल्याच वर्षी तो घेऊन माळ्यावर टाकणारे मला माहीत आहेत. फेक शिकायला एक हंगाम जातो. तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदा जाताय, तर त्याच्याकडे बघूही नका. आवडला तर पाच वर्षांनी घ्या.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड करायला लागले, तेव्हा सुरुवातीचा बांबू आपल्याकडून जायचा. 'कलकत्ता केन' म्हणायचे त्याला. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला, मग फायबरग्लास, मग आजचा कार्बन. कृष्णेवरची तुमची काठी अगदीच परकी नव्हती, सांगलीकर.

आता रॉड हातात घ्या आणि मुठीच्या वर छापलेली ओळ वाचा. औषधाच्या बाटलीवरची वाचतो तशी. साधारण असं लिहिलेलं असतं: साडेदहा फूट, मिडियम हेवी, फास्ट, दोरी १० ते २० पौंड, वजन ३/८ ते १ औंस. लांबी कळली. 'मिडियम हेवी' म्हणजे रॉडचा जोर, तो वाकवायला किती ताकद लागते ते. यात एक गोची आहे. प्रत्येक कंपनीची मिडियम वेगळी. म्हणून त्या शब्दावर न जाता दोरीचा आकडा बघा. १० ते २० पौंड म्हणजे साडेचार ते नऊ किलोला तुटणाऱ्या दोरीसाठी हा रॉड आहे. 'फास्ट' म्हणजे फक्त शेंडा वाकतो, 'स्लो' म्हणजे मुठीपर्यंत सगळा वाकतो. फास्ट रॉडने गळ पटकन रुततो, पण सॅमन डोकं झटकतो तेव्हा तो झटका थेट गळावर जातो आणि गळ निसटतो. मला मधला आवडतो, ज्यावर 'मॉडरेट फास्ट' लिहिलेलं असतं. शेवटचा आकडा वजनाचा. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. तुमचं शिसं, बूच आणि आमिष मिळून त्या मर्यादेत बसलं पाहिजे. कमी असेल तर रॉड वाकत नाही आणि फेक जात नाही. जास्त असेल तर शेंडा मोडतो.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढची गोष्ट मी दोन रॉड आणि मामांचा स्वयंपाकघरातला ताणकाटा घेऊन आज सकाळी करून पाहिली. तुम्हीही करा, पैसे पडत नाहीत.

काटा नारळाच्या झाडाला बांधला. रॉडमधून दोरी ओवून काट्याला अडकवली आणि दहा पावलं मागे गेलो. मामा काट्याजवळ आकडा वाचायला. आधी साडेदहा फुटी. रॉड उभा धरून, मासा लागल्यावर फोटोत धरतात तसा, जीव खाऊन ओढलं. मनगट भरून आलं. मामा म्हणाले, "दीड किलो." मला वाटलं त्यांना दिसत नसेल. जाऊन बघितलं, दीडच. मग सात फुटी घेतला, तीच माणसं, तेच झाड. अडीचच्या वर. परत साडेदहा फुटी, पण या वेळी उभा न धरता बाजूला, जमिनीला समांतर, टोक माशाकडे झुकवून. आता दोन किलोच्या वर गेला.

कारण सोपं आहे. पहार उलटी चालते तसं समजा. पहारेचा लांब दांडा आपल्या हातात असतो म्हणून धोंडा हलतो. रॉडमध्ये लांब दांडा माशाच्या हातात असतो. रॉड जितका लांब आणि जितका उभा, तितका मासा जड आणि तुम्ही हलके. म्हणजे लांबी आमिष न्यायला मदत करते आणि मासा आणायला आडवी येते. रॉड निवडणं म्हणजे या दोघांतली तडजोड आहे, आणि ती कुणासाठी करायची हे धरणाऱ्या माणसाच्या हातांवर आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात साडेदहा फुटी दिला तर ती एक किलोचाही ताण देऊ शकणार नाही. ऑक्टोबरात वेडरला कोहो असतो तीन-चार किलोचा आणि चम असतो पाच-सात किलोचा. चम तिला अर्धा तास नाचवेल.

आणि अर्धा तास नाचवणं हाच खरा प्रश्न आहे. त्याकडे येतो, आधी रीळ.

रिळाचं काम दोरी ठेवणं हे आहेच, पण मुख्य काम ढील देणं. संक्रांतीला पतंग उडवलेला प्रत्येक मराठी माणूस हे जाणतो. खेचायचं कधी आणि सोडायचं किती. सोडताना धाग्यावर ताण हवा, पण तो तुटेल इतका नको. रिळातल्या या ब्रेकला ड्रॅग म्हणतात. दोरी ज्या ताणाला तुटते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला ड्रॅग सुटला पाहिजे. नऊ किलोची दोरी असेल तर सव्वादोन ते तीन किलो. हेही काट्यावर लावायचं, अंदाजाने नाही. अंदाजाने लावलेला ड्रॅग नेहमी एक तर लोण्यासारखा असतो किंवा दगडासारखा.

एक बारकावा लक्षात ठेवा. मासा धावला, दोरी गेली, चाकावरची गुंडाळी बारीक झाली. ड्रॅगची पकड तीच आहे, पण बारीक गुंडाळीवरून दोरी ओढायला जास्त जोर लागतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट होतो. शिवाय पाण्यात पसरलेल्या लांब दोरीला पाणीही मागे खेचत असतं. बरेच मासे लांब धावेच्या शेवटी सुटतात ते याच कारणाने, आणि माणूस म्हणतो दोरी खराब होती. म्हणून मासा लांब गेला की ड्रॅग आवळायचा नसतो, थोडा सैल करायचा असतो. आणि म्हणूनच रीळ जरा मोठं घ्यायचं. दोनशे मीटर दोरी मावली की पुष्कळ झालं, वेडरवर तर नक्कीच.

प्रकार तीन दिसतील. एक सेंटरपिन. हे म्हणजे आपली पतंगाची फिरकीच: एक चाक, गिअर नाही, ब्रेक म्हणजे तुमचा तळवा. बूच धारेबरोबर सोडायला याच्याइतकं सुंदर काही नाही, आणि बोटं सोलून घ्यायलाही. दुसरं बेटकास्टर, रॉडच्या वर बसतं, जड दोरीला चांगलं, पण फेकताना अंगठा चुकला की दोरीचं घरटं होतं. तिसरं स्पिनिंग रीळ, रॉडच्या खाली लटकतं, चाक फिरत नाही, दोरी त्यावरून वेटोळ्यांनी सुटते. नवख्याला हेच. रिळांवर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात, ते मापाचे असतात. सॅमनला ४००० बसतं.

पैसे मोजके असतील तर ते रिळात घाला. मधल्या किमतीच्या आणि महागड्या रॉडमधला फरक मला तरी फेकीत कळतो, माशात कळत नाही. रिळाच्या ड्रॅगमधला फरक पहिल्याच माशात कळतो. स्वस्त ड्रॅग सुरुवातीला चिकटतो आणि मग झटक्याने सुटतो. त्या झटक्यात दोरी जाते.

आता नाचवण्याकडे.

इंग्रज अधिकारी इकडे आले ते आपले सॅमनचे रॉड घेऊन. सॅमन तर इथे नव्हता. त्यांना महाशीर मिळाला आणि त्यांनी त्यालाच हिंदुस्थानचा सॅमन केलं. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की आकाराला आकार धरला तर महाशीर सॅमनपेक्षा जोरदार. कावेरी खोऱ्यातला सगळ्यात मोठा नोंदलेला महाशीर १९४६ चा, म्हैसूरजवळ कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी धरलेला, १२० पौंड. म्हणजे ५४ किलो. तिरुवलंचुळीच्या या वाळूत तो नाही. तो वर, कर्नाटकातल्या खडकाळ पट्ट्यात, भीमेश्वरीच्या आसपास. तिथे आमिष म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, तळाला शिशाने बसवलेला. महाशीर भुकेने घेतो, आणि घेतला की खळाळातून खाली सुटतो. तिथे रॉडपेक्षा रीळ आणि जाड दोरी कामाची, कारण बारीक दोरी खडकावर कापली जाते.

मी तिथे २००६ च्या एप्रिलमध्ये गेलो होतो. परवानगीने, कॅम्पमधून, धरून सोडायचं या अटीवर. तेव्हा मला हलक्या साधनाचं वेड होतं. जड रॉडने कुणीही काढेल, हलक्याने काढण्यात कसब, असं कुठेतरी वाचलेलं. नऊ फुटी नाजूक रॉड, पंधरा पौंडी दोरी, बारकं रीळ. गाईडने, जो पूर्वी त्याच नदीत चोरून मासे मारायचा, माझ्या हातातलं बघितलं आणि कॅम्पचा जाड रॉड पुढे केला. मी नको म्हटलं.

बारा किलोच्या आसपासचा लागला. सॅमनवाल्यांत एक जुना हिशेब आहे: एका पौंडाला एक मिनिट. बारा किलोला पंचवीस-सव्वीस मिनिटं. मला पन्नासच्या वर लागली. मी खूश होतो, हात थरथरत होते, फोटो काढले. सोनेरी-काळसर खवले, एकेक खवला बशीएवढा वाटावा. गाईड त्याला धारेत तोंड करून कंबरभर पाण्यात किती तरी वेळ धरून उभा होता. शेवटी तो हलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडने मला खालच्या भोवऱ्यावर नेलं. मासा पोट वर करून तिथे फिरत होता. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

झालं काय होतं ते नंतर समजून घेतलं. मासा झुंजतो तेव्हा त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, ते उतरायला प्राणवायू लागतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. एप्रिलमधली कावेरी अंगाला कोमट लागत होती. त्यात मी त्याला दुप्पट वेळ पळवलं आणि वर फोटोसाठी पाण्याबाहेर धरलं. सॅमनचंही तेच. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की तो थकतो, आणि पूर्व कॅनडातल्या काही नद्यांवर अशा वेळी गळ टाकायलाच बंदी करतात.

तेव्हापासून माझा नियम उलटा झाला. नदी चालवून घेईल त्यातलं सगळ्यात जड साधन. मासा मजबूत असताना हातात यावा आणि मजबूत असतानाच परत जावा. हलक्या साधनाची बढाई मारणारे आजही भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त किती मिनिटं लागली ते विचारतो.

त्या पट्ट्यात आता गळ टाकता येत नाही. २०१२ पासून अभयारण्यात बंदी आहे. कावेरीचा तो कुबडवाला महाशीर, ज्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचं २०१८ मध्ये निश्चित झालं, त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. एकट्या गळाने तो त्या वेळेला आला नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग. आणि आपल्या लोणावळ्याचाही त्यात हात आहे, चांगल्या हेतूने. वळवणला टाटांच्या केंद्रात निळ्या परांच्या महाशीराची पिल्लं तयार होत आणि ती देशभर सोडली गेली, कावेरीतही. हा मासा मूळचा कृष्णा खोऱ्यातला. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेवरून त्याची नोंद केली, म्हणून त्याचं नाव खुद्री. आपला खुद्री कावेरीत फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा मागे पडला. त्या पट्ट्यात आधी काय होतं आणि पुढे काय लागत गेलं हे कळलं ते कॅम्पवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या नोंदींतून. बंदी बरोबर की चूक यावर जाणकारांत दुमत आहे. मला वाटतं नोंदी थांबल्या हे नुकसान झालं. पण बारा किलोचा एक मासा माझ्या खात्यावर असताना मी फार मोठ्याने बोलत नाही.

तर सांगलीकर, तुमचं उत्तर. साडेनऊ फुटी स्पिनिंग रॉड, दोन तुकड्यांचा, मॉडरेट फास्ट, दोरी १० ते २० पौंड. वेडर फार रुंद नाही, साडेनऊत तुमचं आमिष सांध्यावर जाईल, आणि मुलीलाही मासा ओढता येईल. दुकानदार तिच्यासाठी म्हणून हलका रॉड दाखवेल. हलका नको, फार तर आखूड घ्या. रीळ ४०००, त्यावर ३० पौंडी विणलेली दोरी, टोकाला दीड मीटर १५ पौंडी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. तुटायचं झालं तर तो तुकडा तुटेल आणि माशाच्या मागे शंभर मीटर दोरी लटकणार नाही. चिनूकच्या मागे जायचं असेल तर सगळंच एक पायरी जड, पण पहिल्या वर्षी नको. रबरी जाळीचं हातजाळं घ्या, गाठींच्या जाळ्याने खवले आणि वरचा चिकट थर निघतो. पक्कड घ्या आणि गळाचा काटा दाबून टाका. तिथल्या नद्यांवर बिनकाट्याचाच गळ लागतो. परवाना काढा, सॅमन घरी न्यायचा असेल तर त्यावर वेगळा शिक्का लागतो, आणि कुठल्या नदीत कुठला मासा ठेवायचा हे नियम बदलत राहतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बघा. कोहो लागला तर पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघा. तो कापलेला असेल तर मासा पैदास केंद्रातला. पर शाबूत असेल तर मासा नदीचा, पाण्यातच सोडायचा.

घरी अंगणात गवतावर फेकीचा सराव करा, गळाऐवजी शिशाची गोळी बांधून. मीही इथे तेच केलं. देवळाच्या गावात, शाकाहारी मामांसमोर, गळ बांधायची माझी हिंमत नव्हती. लांब रॉड बघून मामा म्हणाले, "जावईबापू, एवढ्या काठीनं नारळ पाडणार काय?" मग त्यांनाच दिला हातात. तिसऱ्या फेकीला गोळी बरोबर सांध्यावर पडली. चौथी, पाचवी. रॉड परत द्यायला तयार नाहीत. मग एकदम थांबून म्हणाले, "तुम्ही धरून सोडता म्हणता. खायचं नाही, तर मग धरता कशाला?"

मी म्हटलं, मामा, वीस वर्षं झाली, सोडवत नाही एवढंच खरं. ते हसले नाहीत. गोळी परत गुंडाळून घेतली, सांधा निरखला आणि आणखी एकदा फेकली.

पुढच्या भागात गाठी. सरावाला दोन मीटर जाड सुतळी जवळ ठेवा, दोरीवर नंतर बघू.